उखळातलं पाणी

फाल्गुन लागला की आमच्या तळ्यातून जुनं गाव वर यायला लागतं.

ते एकदम येत नाही. आधी मारुतीच्या पाराची कड दिसते, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी काळी. मग घरांची जोती दिसतात, मग दोन जोत्यांमधली गल्ली, आणि चैत्रात तर गावविहिरीचं तोंडही उघडं पडतं. भिंती कुठंच नाहीत. दारं, खिडक्या, तुळया लोकांनी गाव उठतानाच काढून नेल्या होत्या. राहिला तो नुसता दगड. धरण झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी माळावरच्या नव्या गावातली, सरळ रस्त्यांच्या आणि पत्र्याच्या घरांच्या गावातली. तरी जुन्या गावात कुणाचं घर कुठं होतं हे मला पाठ आहे, कारण लहानपणी दर उन्हाळ्यात आत्या मला त्या गल्लीतून हिंडवून आणायची. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ती आमच्याकडंच राहते. सुकत्या चिखलावर बोट दाखवून ती म्हणायची, "हितं गोठा. हितं न्हाणी. हे उखळ, आईचं. आता आत ये. उंबऱ्यावर पाय देऊ नको." आणि मी गाळात बुडालेल्या उंबऱ्याच्या दगडावरून पाय उचलून, भिंती नसलेल्या घरात जायची. आत गेल्यावर मला खरंच सावली लागल्यासारखं वाटायचं.

तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणकणीस दाट आहे, तिथं वन विभागानं पक्ष्यांसाठी जागा राखलेली आहे. तिथं एक पाटी आहे आणि एक लोखंडी मनोरा आहे. रविवारी नळदुर्गच्या रस्त्यानं सोलापूरकडची माणसं गाड्या घेऊन येतात. त्यांचे कपडे गवताच्या रंगाचे असतात आणि कॅमेऱ्याची भिंगं कोपरापर्यंत लांब. ती माणसं मनोऱ्यावर उभी राहून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात आणि हळू आवाजात पक्ष्यांची इंग्रजी नावं घेतात.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्राणिशास्त्राच्या सरांनी मला तळ्यावरच्या वसंतातल्या पक्ष्यांचा प्रकल्प दिला होता आणि विभागाचा कॅमेरा हनुमान जयंतीपर्यंत वापरायला दिला होता. पट्टा मनगटाला गुंडाळूनच कॅमेरा धरायचा, एवढंच ते म्हणाले. मी पहिल्या रविवारी मनोऱ्यावर गेले होते. एका बाईंनी हसून जागाही करून दिली. पण मला तिथं उभं राहायला संकोच वाटला. माझ्या चपलेचा चिखल त्या स्वच्छ फळ्यांवर उमटत होता. मी खाली उतरले आणि तळ्याला वळसा घालून आमच्या बाजूला, जुन्या गावात आले. तिथं मला कुणी काही विचारणार नव्हतं.

त्या सकाळींबद्दल नीट लिहिता येईल का, माहीत नाही. उजाडायच्या आधी पाण्यावर धुकं असायचं आणि त्या धुक्यात जोती अशी दिसायची की जणू घरं आहेत, फक्त अजून झोपलेली आहेत. पाणी कुठं संपतं आणि चिखल कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर गल्लीतून चालत जायचे, एखाद्या घरापाशी थांबायचे, वाकून काही उचलायचे, पुढं जायचे. लवकर उठून शेजारी विस्तव मागायला निघालेल्या बायांसारखे. लांबून चक्रवाकांचा आवाज यायचा. ते लवकरच जाणार होते, उत्तरेकडं, आणि मला वाटायचं की त्यांना जाण्याआधी गाव एकदा बघून घ्यायचं असावं. मग सूर्य वर यायचा, धुकं निघून जायचं आणि घरं पुन्हा पडायची.

अशाच एका सकाळी मला टिटवीची अंडी सापडली. खरं तर टिटवीनंच सांगितलं. मी आमच्या घराच्या जोत्याकडं जात होते, तर ती पुढून ओरडत उठली, थोड्या अंतरावर जाऊन पडली आणि पंख मोडल्यासारखी फरफटत निघाली. आमच्या म्हशीमागं हिंडताना हे सोंग मी पाहिलं होतं. मी जागीच थांबले आणि पायाजवळ नीट बघत राहिले. बराच वेळ खडेच दिसत होते. मग त्या खड्यांतले चार खडे वेगळे झाले. मातकट, वर काळे डाग, निमुळती टोकं आत करून ठेवलेले. भोवती शेळीच्या लेंड्या आणि बारीक दगड. आत्या जिथं "हितं चूल" म्हणून दाखवायची, बरोबर तिथं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. दूर आडवी पडायचे, मग थोडी जवळ, मग आणखी थोडी. टिटवी आधी खूप ओरडली, नंतर कमी ओरडू लागली. माझ्याकडं मान तिरकी करून बघत ती अंड्यांवर बसायची. तिच्या डोळ्यापुढची लाल कातडी उन्हात पेटल्यासारखी दिसायची. नर-मादी आळीपाळीनं बसत, आणि जागा बदलताना दोघं एकमेकांपुढं मान लववत. सर म्हणाले होते, "टिटवी तर सगळेच दाखवतात. अंडं फुटून पिल्लू बाहेर येतानाचा फोटो मिळाला तर बघ." मला तो फोटो हवा होता. रात्री डोळे मिटले की मला तो फोटो दिसायचा: डाग पडलेलं कवच, त्याला गेलेला तडा आणि त्यातून आलेली ओली चोच. वर्गात तो भिंतीवर लावलेला दिसायचा, आणि खाली आमच्या गावाचं नाव.

पण मधे हनुमान जयंती येत होती.

आमचं गाव उठलं तेव्हा सगळं वर नेलं, फक्त मारुती हलला नाही. खूप खणलं, पण दगड खाली कुठपर्यंत गेलाय ते कळेना. तेव्हा नव्या गावात नवा मारुती बसवला आणि जुना तिथंच ठेवला. पाणी हटलं की जयंतीला सगळं गाव खाली उतरतं. हलगी वाजते, ट्रॅक्टर, बैलगाड्या येतात. मारुतीच्या अंगावरचा गाळ धुऊन त्याला शेंदूर लावतात. आणि मग प्रत्येक घरची बाई तांब्याभर पाणी घेऊन आपापल्या जुन्या उंबऱ्यावर ओतते. वर्षभर पाण्याखाली असलेल्या दगडावर पाणी ओतायचं, हे मला लहानपणी गमतीचं वाटायचं. आत्याला मात्र त्यात गंमत वाटत नसे. ती आदल्या दिवशी तांब्या चिंचेनं घासून ठेवायची. आमच्या उंबऱ्यावर पाणी ओतणारी तीच.

आमचं जोतं पाराला लागून आहे. तिथं सगळ्यात जास्त गर्दी होते. मला रोज बघूनही अंडी चटकन दिसत नव्हती, तर नाचत येणाऱ्या पोरांना कशी दिसणार?

संध्याकाळी अण्णा धार काढत होते तेव्हा मी गोठ्याच्या दारात उभी राहिले.

"अण्णा, आपल्या जुन्या घरात टिटवी बसलीय."

"बसू दे की."

"अंडी हायती तिची."

"मंग?"

"जयंतीला लोक येतील. तुडवतील."

अण्णांचा हात थांबला नाही. "मंग मला काय सांगतीस? पारावर सांग. सगळी जमणारच हायती उद्या, जयंतीचं ठरवायला."

"मी?"

"का? कॉलेजात बोलायला शिकवत न्हाईत?"

"न्हाय."

"मंग काय शिकवत्यात?" असं म्हणून ते हसले, पण माझ्या वतीनं बोलतो असं काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नव्या मारुतीच्या पारापाशी गेले. तिथं गुरवआबा होते, मारुतीची पूजा करणारे, आणि गावातली जाणती माणसं. आत्या आणि काही बायका पायरीवर बसल्या होत्या. मी खूप वेळ खांबाला धरून उभी होते. शेवटी गुरवआबाच म्हणाले, "काय गं पोरी, खांब पडंल म्हणून धरलायस का?"

सगळे हसले. मी एका दमात बोलून टाकलं, की आमच्या जोत्यावर टिटवीची अंडी आहेत, तर तेवढी गल्ली सोडून पलीकडून गेलं तर बरं होईल.

मग गुरवआबा पुढं सरकले. "किती हायती?"

"चार."

"चार!" त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "चार अंडी म्हंजी चार म्हयने पाऊस. टोकं कुणीकडं हायती?"

"आत."

"चारीची?"

"आवं आबा," मागून कुणीतरी म्हणालं, "अंडी चार हायती, पण घातल्यात कुठं? तळ्यात. टिटवी तळ्यात अंडी घालती म्हंजी तळं भरायचं न्हाय. तिला ठावं असतंय."

"तळ्यात कुठं? जोत्यावर घातल्यात. जोतं उंचावर असतंय."

"जोतं उंच, पण तळं खोल."

"तुझी अक्कल खोल. जोतं बघायचं का तळं बघायचं?"

वाद वाढला. गल्ली सोडायची की नाही, हे कुणी बोललंच नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले. आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते सकाळी कळलं. मी कॅमेरा घेऊन उतारावर आले तर आमच्या जोत्याभोवती गाव जमलं होतं. धुकं निघून गेलं होतं, ऊन चढत होतं. माणसं गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. बायका पदर डोक्यावर घेऊन पाठीमागून डोकावत होत्या. एकजण मोबाइल हातभर लांब धरून चित्र घेत होता. दोन्ही टिटव्या डोक्यांवरून ओरडत फिरत होत्या. मधेच एक खाली झेपावली तशी गुरवआबांची टोपी उडता उडता राहिली.

"आबा, टोपी सांभाळा! पाऊस पडायच्या आधी टोपी पडायची."

"ए, सावली सोड, टोकं बघू दे मला."

"बघा की, हे एक जरा वाकडं हाय. म्हंजी आश्लेषा कोरड्या जात्याल."

"हात लावू नगा हां!" मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही.

कुणीच अंड्यांना त्रास द्यायला आलं नव्हतं, हे मला दिसत होतं. उलट, पाय जपून टाकत होते. एका म्हातारीनं तर लांबूनच हात जोडले. पण टिटवी उठून किती वेळ झाला होता? अंडी उघडी होती. सरांनी सांगितलं होतं की अशा उन्हात अंडी उबवायची नसतात, निववायची असतात. टिटवी पोट भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानं अंडी थंड ठेवते. हे सगळं मला माहीत होतं. ते सांगायची वाक्यंही मी मनात जुळवली, "उष्णतेमुळे अंड्यातील गर्भ" अशी काहीतरी. ती पुस्तकातली वाक्यं माझ्या तोंडातून बाहेर येईनात.

आत्या कडेला उभी होती. मी तिचाच हात धरला.

"आत्या," मी म्हणाले, आणि आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "ती बाळंतीण हाय. बाळंतिणीच्या खोलीत असं गाव शिरतंय का? तिला बाहीर हाकलून तिची लेकरं उन्हात घातल्यात सगळ्यांनी."

वाकलेली माणसं सरळ झाली. टिटवीचंच ओरडणं ऐकू येत राहिलं.

तेवढ्यात बायकांतून कुणीतरी म्हणालं, "आन तू गं? तू तर रोज तिच्या उशाशी लोळतीस की. तुला चालतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसायला गेले, पण हसू आलं नाही. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. ती बाई खरं बोलत होती. मी इतके दिवस जवळ जवळ सरकत होते आणि तिचं ओरडणं कमी झालं याला ओळख म्हणत होते. तडा गेलेलं कवच, ओली चोच, भिंतीवरचा फोटो, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं.

"मी बी न्हाय जायची," मी म्हणाले. "आजपासनं."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कमरेला पदर खोचला आणि माणसांकडं वळली. "ऐकलं न्हवं? चला, उठा. ओल्या बाळंतिणीच्या घरात गडीमाणसांचं काय काम हाय? पाऊस पडायचा तवा पडंल. आबा, तुमी पयले."

वन विभागाची पाटी वाचून जेवढी माणसं मागं सरत नाहीत, तेवढी त्या एका बोलण्यानं सरली. गुरवआबांनी स्वतः गल्लीतले दगड उचलून अंगणात एक ओळ मांडली आणि सांगितलं, की ह्याच्या आत कुणी न्हाय, जयंती होऊ द्या नाहीतर काही होऊ द्या. ती ओळ उखळाच्या अलीकडं येत होती, तर आत्यानं एक दगड सरकवून उखळ ओळीच्या बाहेर घेतलं. "एवढं ऱ्हाऊ द्या मला," ती म्हणाली.

जयंतीला मिरवणूक पलीकडच्या गल्लीनं गेली. हलगीवाल्यांनी पार येईपर्यंत हलग्या काखेत धरल्या आणि पारापाशीसुद्धा थोड्याच वाजवल्या. नाचायला आलेली पोरं कुरकुरली. "ह्या वर्षी मारुतीचा जन्म का टिटवीचा?" असं एकजण म्हणाला, तर गुरवआबांनी त्याच्या कपाळाला शेंदराचं बोट असं लावलं की तो मागं गेला. मारुतीचं तोंड गाळातून बाहेर आलं. बायका आपापल्या घरी पांगल्या. उघड्या चिखलात, नसलेल्या दारांपुढं, जागोजागी एकेक बाई वाकून पाणी ओतत होती. लांबून बघणाऱ्याला ते काय चाललंय ते कळलं नसतं. मनोऱ्यावरून भिंगं आमच्याकडं वळलेली मला दिसली.

आत्या दगडांच्या ओळीपाशी तांब्या घेऊन उभी होती. उंबरा पुढंच होता, चार पावलांवर. त्याच्या पलीकडं टिटवी उभी राहून आमच्याकडं बघत होती. आत्या वर्षभर ह्या दिवसाची वाट बघते. लग्न होऊन ती ह्याच उंबऱ्यावरून गेली होती. मला राहवलं नाही.

"आत्या, जाऊन ये पटकन. एवढ्यानं काय होत न्हाय."

"कायदा कुणी केला?"

मी पाऊल मागं घेतलं.

ती उखळापाशी खाली बसली. उखळ गाळानं भरलेलं होतं. तिनं हातानं तो सगळा गाळ उपसून काढला, पदरानं आतून पुसलं आणि तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. काही पुटपुटली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मागं न बघता पाराकडं आली. तांब्या तिथंच राहिला.

आम्ही पाराच्या आड बसून प्रसाद खात होतो. पाणी आता फार लांब हटलं होतं आणि त्या काठावर बैल आणि माणसं होती. टिटवी एकदा तिकडं उडाली आणि परत आली. मग ती दगडांच्या ओळीबाहेर, एकेक पाऊल टाकत उखळापाशी आली. वाकून पाहिलं. आणि मग कोंबडी पाटीत बसावी तशी ती उखळात उतरून बसली. अंग हलवलं, पिसं फुलवली, पाणी काठावरून सांडलं. उठली आणि ओल्या पोटानं, थेंब गाळत, उंबऱ्यावरून आत गेली. चार अंड्यांवर बसली.

आत्याचा हात तोंडापाशी थांबला होता. "पाणी घिऊन गेली," ती हळूच म्हणाली. "घरात पाणी घिऊन गेली गं."

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी एकच फोटो काढला. त्यात उखळाचा काठ आहे, त्यात बसलेली टिटवी आहे आणि शेजारी कलंडलेला तांब्या उन्हात चमकतो आहे.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत केला. सरांनी फोटो पाहिले. उखळाच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. मग विचारलं, "पिल्लू?"

"नाही सर."

"अंडी फुटली नाहीत?"

"माहीत नाही सर. जवळ जायचं नाही असं ठरलंय."

सर हसले. मला वाटतं, रागानं नसावेत.

मी पुन्हा बसनं कॉलेजला जाऊ लागले. परीक्षा जवळ आली होती. आत्या मात्र रोज ऊन चढायच्या आधी तांब्या घेऊन खाली जायची. उखळ भरायचं आणि दगडांच्या बाहेरूनच परत यायचं. लांबूनच सांगत जायची म्हणे, "ए बाई, वरडू नको, मी हाय. पाणी ठिवून चालले." संध्याकाळी मी घरी आले की तीच मला खबर द्यायची. आज नर बसला होता. आज कावळा आला होता, दोघांनी मिळून हाणला. पारावरचा पावसाचा वाद तोवर चालूच होता.

एके दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना फोन थरथरला. घरून या वेळी कधी फोन येत नाही. मी घाबरून व्हरांड्यात आले. आत्या होती, अण्णांच्या फोनवरून. ती इतक्या हळू बोलत होती की मला एका कानात बोट घालावं लागलं. ती खाली तळ्यातच होती, उखळापाशी.

"निघाली गं."

"कोण?"

"लेकरं. उपजत न्हाईत तर चालायला लागली! कापसाच्या बोंडाला पाय फुटल्यावानी."

"किती हायती, आत्या?"

"तीन दिसली. चौथं आईच्या पोटाखाली हाय का न्हाय, कळंना. म्या काय जवळ गेले न्हाय."

मी डोळे मिटले. व्हरांड्यात उकडत होतं, आतून सरांचा आवाज येत होता, आणि मला ते सगळं लख्ख दिसत होतं: धुकं नुकतंच उठलेलं, भिंती नसलेलं आमचं घर, चुलीच्या जागेवरून उठून बाहेर निघालेली ती एवढीएवढी पिल्लं. फोनमधून टिटवीचा आवाज येत होता, आता चिडलेला नाही, हाक मारल्यासारखा.

"आत्या, आता कुठं हायती?"

"चालल्यात पाण्याकडं, गल्लीनं. आईच्या मागं." मग तिच्या आवाजात हसू आलं. "सगळी उंबऱ्यावर पाय दिऊनशान गेली बघ. द्वाड कुठली."